उजवा खांदा

टाचणीच्या भोकाभोवती गंजाचा एक तिळाएवढा ठिपका होता, आणि स्कॅनरच्या काचेवरून संगणकाच्या पडद्यावर येताना तो चांगला कोटाच्या बटणाएवढा होऊन आला – तपकिरी, मध्ये पांढरा, मिटायचा राहून गेलेल्या डोळ्यासारखा. धाकटीनं तो पुसायला म्हणून बाण त्याच्यावर नेला आणि तिथेच थांबवला. राहू दे. आईच्या ओठांत धरलेल्या टाचण्यांपैकी एक इथे टोचली होती, एवढं तरी या कागदाच्या लक्षात आहे...

पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच होती. थोरली जाऊन दोन वर्षं झाली, म्हणजे हिशेबानं आता थोरली-धाकटी असं काही उरलंच नव्हतं, पण घरातल्या माणसांच्या तोंडातून शब्द जात नाहीत आणि तिलाही ते जावेत असं वाटत नव्हतं. खोली लहान, खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक, आणि जमिनीवर आईनं कापलेले चिलखताचे कागद: छातीचे, पाठीचे, कमरेचे, खांद्यावरच्या वाटीचे. नाडीनं बांधलेली दोन पुडकी. एक सोडलेलं, एक तसंच.

चिलखत आता नव्हतंच. नाटक कंपनीच्या गोदामात पाणी शिरलं तेव्हा पुठ्ठा फुगला, चामडं सडलं, आणि कुणीतरी ते इतर भिजक्या सामानाबरोबर फेकून दिलं. उरले ते हे कागद आणि रंगमंचावरचे काही फोटो. त्या फोटोंतली राणी म्हणजे थोरली. आता तेच नाटक पुन्हा उभं राहत होतं, थोरलीचीच मुलगी राणी होणार होती, आणि दिग्दर्शकाचं म्हणणं सरळ होतं – बाजारात चिलखतांची तयार मॉडेल्स मिळतात, एक उचला, मुलीच्या मापाला ताणा, झालं. "मावशी, मला ते डबडं नकोय," भाची म्हणाली होती. "मला आईचं हवंय. तू करशील ना?" धाकटी हो म्हणाली. आज संध्याकाळपर्यंतची मुदत होती. पुठ्ठा कापणाऱ्याचं यंत्र आजच मोकळं होतं. संध्याकाळी आकार गेले नाहीत तर डबडं.

सकाळी दिवा लावून झाला होता, आजच्या दिवसापुरता नेमही म्हणून झाला होता. नेम साधाच – आज खोटं बोलणार नाही. थोरलीच्या आजारपणात सगळ्यांनी सगळ्यांना इतकं बरं-बरं सांगितलं होतं, की तिच्यामागे एका दिवशी दिव्यापुढे बसल्यावर आपोआप तेच ओठांवर आलं, आणि मग रोज येत गेलं. जन्मभराचं मागायची छाती नव्हती. एका दिवसाचं मागावं, उद्या पुन्हा हात जोडावेत.

काम कसं, तर कागदाची कड पडद्यावर बिंदूबिंदूनं गिरवायची, तुकड्याला तुकडा मनातल्या शिवणीनं जोडत जायचं, की सपाट कागद हळूहळू फुगतो, वळतो, आणि पडद्यावर एक पोकळ छाती उभी राहते. मग मागे फोटो लावायचा आणि ती छाती फोटोतल्या छातीवर बसते का ते पाहायचं. सगळे करतात तसं तिनंही डावं पुडकं तेवढं घेतलं होतं. माणूस दोन्हीकडून सारखाच. डावी बाजू करावी, आरशाची आज्ञा द्यावी, उजवी आपोआप येते. निम्मे कष्ट वाचतात.

आली होती की, सुरेख आली होती. आणि सकाळपासून फोटोवर बसत नव्हती.

डावीकडे रेघ न् रेघ जुळायची. कमरेचा पट्टा जुळायचा. उजव्या खांद्याशी मात्र पडद्यावरचं चिलखत दोन बोटं वर, आणि फोटोतलं खाली. पहिल्यांदा ती हसलीच – अगं, ती तर थोरलीची ढब! उजवा खांदा किंचित पाडून उभं राहायचं, वार करायच्या आधीच्या क्षणासारखं, जणू तलवारीचं वजन हातात नसून हाडात आहे. लोक त्या उभं राहण्यासाठी येत. पेपरांत त्यावर लिहून यायचं. पुढे पुढे तर शाळेच्या स्नेहसंमेलनात कुठलीही राणी असो, पोरी खांदा पाडूनच प्रवेश करायच्या...

पण ढब अंगाची असते. चिलखताची कशी असेल? थोरलीनं खांदा पाडला तर पुठ्ठ्याची कड तिच्या खांद्यावरून सुटून वर अधांतरी राहायला हवी, नाहीतर पट्टा तरी तिरका व्हायला हवा. माणूस वाकलं म्हणून पुठ्ठा वाकत नाही. फोटो मोठा करून पाहिला. पट्टा पाण्यासारखा सपाट होता, आणि कड त्या पाडलेल्या खांद्यावर अशी बसली होती, की मध्ये बोट शिरू नये.

भिंगाचा दोष असेल. दुसरा फोटो लावला. तिसरा. मग बाजूनं काढलेला, त्यात थोरली रागानं पाहत होती आणि कोपऱ्यात पडदा ओढणाऱ्याचा हात आला होता. सगळीकडे दोन बोटं.

फोन वाजला. कापणारा.

"काकू, पाठवताय ना? यंत्र नुसतं जांभया देतंय."

"उजवीकडे जुळत नाहीये हो."

"आरसा मारला का?"

"मारला."

"मग झालं की! प्रेक्षक काय फूटपट्टी घेऊन बसणारेत? पाठवून द्या, मी बघतो."

बघतो म्हणजे न जुळणारी कड घासून टाकतो, हे तिला माहीत होतं. "संध्याकाळच्या आत कळवते," ती म्हणाली. पाठवते म्हणाली नाही. दिवसभर शब्द असे पारखून वापरावे लागतात. नेमाचं खरं ओझं तिथेच.

जेवायला बोलवायला नवरा दारात आला, पडद्यावरची बिनमुंडक्याची, बिनहातांची छाती पाहून म्हणाला, "अजून त्या रिकाम्या बाईशीच भांडण चाललंय?"

"ती सरळ उभी राहत नाहीये."

"रिकामी आहे म्हणून. माणूस आत असल्याशिवाय कोण सरळ उभं राहतं? चल, गार होतंय."

ती जेवली, पण चव कुठे लागली नाही, कारण त्याचं ते वाक्य घासाबरोबर तोंडात फिरत होतं, आणि त्याच्यामागून दुसरं, फार जुनं, थोरलीच्या आवाजातलं – प्रयोगानंतरच्या रंगपटातलं, गरम पाण्याची पिशवी उजव्या खांद्यावर धरून, डोळे मिटून, हसत: "या चिलखतात ना, आधीच कुणीतरी उभं असतं गं. रोज त्याच्याशी झटून जागा करावी लागते." तेव्हा धाकटीला वाटलं होतं, भूमिकेबद्दल बोलतेय. नट असंच बोलतात. तीही काहीतरी म्हणाली – भाडं घे मग त्याच्याकडून – आणि दोघी हसल्या होत्या.

दुसरं पुडकं तिनं जेवणानंतर सोडलं. नाडीची गाठ आईची होती, सुटायला तयार नव्हती. कात्री शेजारीच होती, पण तिनं नखांनीच सोडवली. उजवे तुकडे डाव्यांवर ठेवत गेली. पाठ... खांद्याशी कमी. छाती... छातीची वरची कड आईनं आधी डावीसारखीच कापली होती, मग दोन बोटं आत दुमडून, वरून कागदाची पट्टी चिकटवून पक्की केली होती. ही चूक नव्हती. कात्री घसरली असती तर कड फाटकी असती. इथे कुणीतरी थांबलं होतं, पाहिलं होतं, अंगठ्यानं दाबून घडी घातली होती.

आणि तो अंगठा – गार, खळीनं चिकट – तिला खांद्यावर जाणवला.

"उभी राहा गं जराशी, ताई तालमीला गेलीय. तुमची दोघींची उंची एकच." आणि मग अंगावर कागदाच्या ओल्या पट्ट्या, एकीवर एक, गळ्यापासून कमरेपर्यंत, वाळेपर्यंत हलायचं नाही, हसायचं नाही, खोल श्वाससुद्धा नाही, आणि आई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरतेय, टाचण्यांच्या आडून बोलतेय म्हणून सगळे शब्द दातांतून येताहेत... एकोणिसावं असेल. किंवा विसावं. लहानपणी झोक्यावरून पडून मोडलेलं हाड वेडंवाकडं सांधलं होतं, तेव्हापासून उजवा खांदा जन्माचा उतरलेला. आईनं किती ब्लाउज त्या बाजूला गादी घालून शिवले. लग्नाच्या फोटोसाठी, मुलाखतीसाठी, चारचौघांत, धाकटीनं तो खांदा स्वतः उचलून धरायची सवय लावून घेतली – इतकी, की उचललाय हेही आता कळत नसे.

त्या दिवशी मात्र तो उचलला नसणार. ओल्या कागदात इतका वेळ कोण उचलून धरेल? आणि वाळलेल्या त्या कवचावरच आईनं हे कागद बेतले होते.

म्हणजे ते चिलखत...

ती उठून खिडकीशी गेली, परत आली. म्हणजे सगळ्या फोटोंतून, सगळ्या प्रयोगांतून, टाळ्यांत, दिव्यांत, थोरलीच्या छातीवर बांधलेलं होतं ते माझं अंग. आणि थोरली, जिचे खांदे तराजूच्या दांडीसारखे सरळ, ती रोज रात्री स्वतःचा खांदा मोडून माझ्या खांद्यात बसत होती. ती ढब. ते पेपरांतलं लिहून आलेलं. ती गरम पाण्याची पिशवी! इकडे मी जन्मभर खांदा उचलतेय आणि तिकडे ती पाडतेय, आणि दोघींना –

तिला ठाऊक होतं का? आधीच कुणीतरी उभं असतं गं... हसत म्हणाली होती. तिला ठाऊक असेल तर आईला सांगून सरळ करून का नाही घेतलं? आणि आईनं ती घडी घातली ती कुणासाठी? हाताच्या सवयीनं, धाकटीचे कपडे बेतताना घालायची तशी घातली आणि हे चिलखत कुणाचं आहे ते क्षणभर विसरली? की विसरली नव्हती? एकीला रंगमंच मिळाला, दुसरीला निदान... छे. आई असा विचार करणारी नव्हती. की होती? विचारायला दोघींपैकी कुणी नाही, आणि कागद तर फक्त एवढंच सांगतो की दोन बोटं.

रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्याऐवजी डोकं विलक्षण स्वच्छ झालं. समोर दोन वाटा होत्या. आरशातलं सरळ चिलखत पाठवावं – मुलीला सुखाचं होईल, पण ते तिच्या आईचं नसेल. कागदाबरहुकूम पाठवावं – ते आईचं असेल, फोटोवर रेघ न् रेघ बसेल, आणि काही वर्षांनी रंगपटात हीही खांद्यावर पिशवी धरून बसेल. थोरलीला जे बोचलं ते मी माझ्या हातानं तिच्या लेकीच्या अंगावर चढवू? आणि नाही चढवलं तर माझ्या हातानंच थोरलीला पुसू?

तिनं उजवे तुकडेही स्कॅनरवर ठेवले. एकेक करून, घाई न करता, घडीसकट. आहे ते आधी आहे तसं उतरवायचं. आरसा काढून टाकला. पडद्यावरची पोकळ बाई हळूच एका अंगानं खाली झाली, आणि फोटोवर बसली. चपखल.

फोन. या वेळी भाची. मागून तालमीचा गलका.

"मावशी! झालं का गं? इथे डबड्याचे फोटो फिरताहेत, मला उलटी होईल आता. आईसारखं झालंय ना?"

हो म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. नाही म्हटलं असतं तरी नव्हतं. नेम असा कात्रीत पकडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आईचं कसं होतं ते आज सापडलं," ती म्हणाली. "पण आज पाठवणार नाही. तू सकाळी ये. तुझ्या अंगावर कागद लावायचाय."

"अगं, मापं दिलीत की मी!"

"मापं नकोत. तू हवीस. आणि काही सांगायचंय, ते फोनवर नाही."

"ते डबडं मागवतील, मावशी."

"त्यांना सांग, मावशी उद्या देतेय. मागवलंच तर परत पाठवायला लावू. मी येऊन बोलते त्यांच्याशी."

मावशी कुणाशी येऊन बोलणार, ही गोष्ट भाचीनं जन्मात ऐकली नव्हती. पलीकडून हसू. "कुणाचा आवाज आहे हा? बरं. येते. खळ गार असते का गं? आई सांगायची, तू शहारायचीस म्हणून."

"आई सांगायची?"

"हो, कितीदा –" आणि कुणीतरी हाक मारली, "आले आले!" आणि फोन बंद.

धाकटी फोन हातात धरून उभी राहिली. कितीदा. म्हणजे अंगावर कागद कुणाच्या लागला ते थोरलीला ठाऊक होतं. आणि तरी पुढचं सगळं ठाऊक होतं असं त्यावरून म्हणता येत नाही... उद्या मुलीच्या खांद्यावर ओली पट्टी ठेवताना अंगठा कुठे दाबायचा, ते अजून तिला माहीत नव्हतं. मुलीलाच विचारावं लागेल, सगळं सांगून झाल्यावर. कापणाऱ्याला कळवायचं होतं, तो कुरकुरणार होता. कुरकुरू दे.

पडदा आपोआप विझला आणि काळ्या काचेत खिडकीचा उजेड आला, त्या उजेडात एक बाई, उजवा खांदा ताठ उचलून उभी. किती थकत असेल तो. तिनं श्वास सोडला, आणि त्याबरोबर खांदाही – थोडा, मग आणखी थोडा, जिथे त्याची जागा होती तिथपर्यंत.