पापण्यांचे पिंगळे

गावाबाहेरच्या पोखरलेल्या ऐनाच्या झाडावर लच्छू वनरक्षकाने तोडीचा शिक्का मारला, तेव्हा हरिदास मेश्राम धावत त्याच्याकडे गेला. अहेरीच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी त्या झाडासमोर वही घेऊन बसे. ढोलीत पिंगळ्याची तीन पिलं होती. त्यांना उडायला अजून पंधरा दिवस तरी हवे होते, आणि तोड सोमवारी होती.

"पिलं हायेत हे मले दिसते, भाऊ," लच्छू म्हणाला. "पन साहेबाले कागदावर दिसलं पाह्यजे. फोटो आना."

हरिदासकडे कॅमेरा कुठला? त्याने अहेरीच्या गुणवंतरावांना गळ घातली. त्यांनी जन्मभर लग्नाचे आणि ओळखपत्राचेच फोटो काढलेले. ते स्कूटरवर स्टूल, कंगवा आणि बागेचं चित्र काढलेला पडदा घेऊन हजर झाले. पडदा पिलांच्या मागे का बांधता येणार नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला.

ऊन चढलं होतं. तिन्ही पिलं ढोलीच्या तोंडाशी खेटून बसली होती, डोळे गच्च मिटून.

"हे तं झोपून राह्यले!"

"दिवसा झोपतेतच ते, गुणवंतराव."

"मंग उठवा ना! नवरदेव झोपला तं आपन फोटो काढतो का?" स्टुलावर चढून त्यांनी चुटकी वाजवली. "ए मधल्या, मान सरळ!"

मधल्याने मान फिरवली ती थेट पाठीकडे. गुणवंतराव स्टुलावरून पडता पडता वाचले.

शनिवारी फोटो आला. हरिदासने लिफाफा उघडला. तिन्ही पिलांचे डोळे उघडे होते. बदामाच्या आकाराचे, काळेभोर, वर लांबलचक पापण्या.

"मिटले डोळे बरे नाई दिसत," गुणवंतराव म्हणाले. "लग्नातल्या फोटोतबी ब्रशनं उघडून देतो मी. मधल्याले भांगबी पाडला."

दुसरा फोटो काढायला रोल नव्हता, वेळ नव्हता. रविवारी हरिदास चोरासारखा साहेबांच्या बंगल्यावर गेला. साहेबांनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"पिंगळा मी ओळखतो. साधे पिंगळे असते तर झाड उद्याच पाडलं असतं. पण हे काय आहे?"

वाचनालयाच्या नोंदवहीत ज्याने कधी तारीखसुद्धा खोटी घातली नाही, तो हरिदास खिडकीबाहेर बघत म्हणाला,

"मले नाई सांगता येत, साहेब."

"मलाही," असं म्हणत साहेबांनी कागद ओढला आणि लिहिलं : ओळख पटेपर्यंत तोड थांबवावी.

पंधरवड्याने नागपूरहून दोन तज्ज्ञ आले आणि दुर्बिणी लावून ऐनासमोर बसले. हरिदास त्यांच्यामागे उकिडवा बसला. दोन पिलं आदल्याच दिवशी उडाली होती. तिसरं फांदीवर पंख उघडायचं, खाली बघायचं आणि पुन्हा मिटून घ्यायचं.

"त्या पिंगळ्याला आधी हाकला," थोरले तज्ज्ञ वैतागून म्हणाले. "तो तिथे असेपर्यंत आपला पक्षी बाहेर यायचा नाही."

त्यांनीच उठून जोरात टाळी वाजवली. पिलू दचकलं, फांदीवरून सुटलं, निम्म्यापर्यंत दगडासारखं खाली आलं आणि मग पलीकडच्या मोहाच्या झाडावर जाऊन बसलं.

हरिदासने घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली.

"काय हो, दिसलं का काही?" दुसऱ्या तज्ज्ञांनी दुर्बिणीतून डोळा न काढता विचारलं.

"नाई साहेब," हरिदास म्हणाला. "पिंगळाच होता."