कडूबाईच्या डाव्या कानातला

मित्रांनो, मी एक जुना इअरबड आहे, डाव्या कानाचा. तुमच्या वहीतली फाटकी छत्री निबंधाच्या शेवटी मालकाला माफ करते. मोडकी सायकलसुद्धा करते. त्यांचं मन मोठं असेल. माझा जीव वाटाण्याएवढा, आणि त्यात मावेल तेवढा राग मी नीट जपून ठेवला आहे. तेव्हा माझ्याकडून माफीची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. सोबत माझा जुळा भाऊ होता, उजवा. आम्हाला एका पांढऱ्या डबीत शेजारी शेजारी निजवून राहात्याच्या एका मोबाईलच्या दुकानात पाठवलं. तिथून पंकजानं आम्हाला घेतलं. ती जवळच्याच मेडिकलमध्ये कामाला होती. तिनं आधी आम्हाला मेडिकलच्या कॉम्प्युटरला जोडून पाहिलं, मग स्वतःच्या मोबाईलला. या जोडण्याला पेअरिंग म्हणतात, आणि आमच्यात ती सोयरीकच समजा. डबीचं बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागला की मोबाईलच्या यादीत आमचं नाव येतं. त्यावर बोट ठेवलं की ओळख पक्की. पुसून टाकेपर्यंत आम्ही ती विसरत नाही.

पण पंकजानं आम्हाला स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. तिची आई कडूबाई पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात एकटी राहायची. चार पोरींवर पाचवीही पोरगीच झाली म्हणून घरच्यांनी तिचं नाव कडू ठेवलं होतं. नवरा वारला, पुढं एका तापात तिचे कानही गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार कळायचं, बाकी सगळं ओठांवरून आणि अंदाजानं. पंकजानं आईच्या मोबाईलमध्ये आजूबाजूचा आवाज मोठा करून देणारं ॲप घातलं, आम्हाला त्या मोबाईलला जोडलं, मोबाईल आईच्या गळ्यात अडकवला आणि आम्हाला तिच्या कानांत बसवलं. वर बजावून सांगितलं की हे ब्लूटूथचं निळं चिन्ह कधी बंद करायचं नाही.

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. कडूबाई दचकली, तिच्याकडे बघत राहिली आणि हसली. "ही येवढा आवाज करती व्हय?" ती म्हणाली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या जन्माचा उपयोग कळला. आमचे ते चार महिने सुखाचे गेले.

आता बिभीषण. हा कडूबाईचा धाकटा दीर. त्याचं शेत तिच्या शेताला लागून, मध्ये एक बांध. बांधाजवळ, कडूबाईच्या हद्दीत, तिच्या नवऱ्यानं पाडलेला बोअर. ऐन मे महिन्यात त्या शिवारात पाणी देणारा तेवढा एकच. दर नांगरटीला बिभीषण तो बांध आपल्या बाजूनं वीतभर कोरायचा. वर असली सगळी मसलत तिच्यासमोरच करायचा, कारण तिला ऐकू येत नाही हे त्याला पाठ होतं. एका दुपारी तो आणि त्याचा ट्रॅक्टरवाला आसाराम तिच्याच अंगणात, तिनंच केलेला चहा पीत बसले होते. अजून दोन नांगरट्या झाल्या की बोअर आपल्यात येतोय, असं बिभीषण म्हणाला.

कडूबाई कप उचलत होती. ती शांतपणे म्हणाली, "भावजी, बोअर तुमच्या भावानं पाडलाय. त्यो हाय तिथंच ऱ्हाईल."

बिभीषणचा चेहरा पडला. मग त्याची नजर पदराआडच्या माझ्यावर गेली, आणि त्याला सगळं उमगलं.

दुसऱ्या दिवशी तो तोंडात साखर घोळून आला. या यंत्रानं कानात करंट उतरतो, शेवगावला एकाचा मेंदू बधिर झाला, मी तालुक्याला जाऊन तपासून आणतो, असं काहीबाही त्यानं सांगितलं. कडूबाई भोळी नव्हती, पण दिरानं हात पुढं केल्यावर नाही म्हणायचं वळण तिच्या अंगाला नव्हतं. तिनं आम्हाला काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. पुढं तिनं तीनदा विचारलं. तीनही वेळा तो ओठ न हलवता काहीतरी पुटपुटला.

त्यानं आम्हाला स्वतःच्या मोबाईलला जोडलं. हौस फार, म्हणून घरच्या टीव्हीलाही जोडलं. आम्हाला तंबाखूच्या पुडीशेजारी खिशात कोंबायचा. माझ्या जाळीत चुना बसला, उजव्याच्या जाळीत त्याच्या कानातला मळ. पुसणं नाही, वेळेवर चार्जिंग नाही. मीही माझ्या परीनं उट्टं काढत होतो. तो कुणावर रुबाब झाडायला लागला की मी बॅटरी संपल्याचं टुकटुक करून मुका व्हायचो. सासुरवाडीचा फोन आला की खरखर करायचो. पण एवढ्यानं माझं पोट भरत नव्हतं. शेजारच्या घरात कडूबाई पुन्हा मुक्या जगात बसली होती, आणि तिच्या हक्काचा मी तिच्या चोराच्या कानात अडकून बसलो होतो.

कडूबाईनं बांधाचं सगळं पंकजाच्या कानावर घातलं. पंकजानं सुट्टी काढून जमिनीच्या सरकारी मोजणीचा अर्ज भरला. तारीख आली तेव्हा बिभीषणनं आसारामकडून हद्दीचा दगड उपटवला आणि बोअरच्या अलीकडं, कडूबाईच्या रानात गाडवला. जुन्या खड्ड्यात कडबा भरून वरून माती ओढली. हे सगळं ठरलं फोनवर, म्हणजे माझ्यातूनच गेलं. मी शब्द न् शब्द ऐकला. पण मी सांगणार कुणाला?

मोजणीच्या दिवशी बिभीषण ट्रॅक्टरवर गाणी लावून आला. ट्रॅक्टरला त्यानं टेप बसवला होता, मागं स्पीकरचे चार मोठाले बॉक्स, आणि टेपही त्याच मोबाईलला जोडलेला. मोजणीच्या मॅडम आल्या तशी त्यानं गाणी थांबवली, पण टेप बंद करायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. गावातली चार जाणती माणसं बांधावर उभी होती. कडूबाई जरा लांब, गळ्यात तोच मोबाईल. आसारामला मुद्दाम पाथर्डीला धाडलं होतं, म्हणजे कुणी त्याला काही विचारायला नको. त्याला तिथं धीर धरवेना. त्याचा फोन आला. बिभीषण कानातल्या कानात ऐकत नुसतं हं, हं करत होता.

मॅडमनी विचारलं, हद्दीचा मूळचा दगड हाच का? बिभीषणनं फोन चालू ठेवूनच दगडावर हात ठेवला आणि मेलेल्या भावाची शपथ घेतली. मी त्याच्या कानात होतो. त्याच्या नसेचा ठोका एकदाही चुकला नाही.

तो काय म्हणतोय हे ओठांवरून कळावं म्हणून कडूबाई पुढं आली. चार पावलं, पाच पावलं. आणि तिच्या गळ्यातला मोबाईल मला ओळखीचा लागला. निळं चिन्ह तिनं बंद केलेलंच नव्हतं. मित्रांनो, मी बिभीषणच्या मोबाईलचा हात सोडला आणि उजव्यासकट तिच्या मोबाईलला जाऊन बिलगलो. त्याच्या मोबाईलला आता एकच जोडलेलं यंत्र उरलं होतं, ट्रॅक्टरवरचा टेप. चारही बॉक्समधून आसाराम बोलायला लागला.

"दादा, मॅडमला बोअरच्या अलीकडचाच दगुड दावा. पल्याडच्या खड्ड्यात म्या कडबा भरलाय, तिकडं कुनाला जाऊ दिऊ नका. म्हातारीचं टेन्शन न्हाई. दगुड उपटला तवा ती मागंच शेण गोळा करत हुती, तिला ट्रॅक्टरबी आयकू आला न्हाई."

शिवार दणाणलं. बिभीषणला आधी आवाज कुठून येतोय तेच समजेना. त्यानं घाईत भलतंच बटण दाबलं, आवाज आणखी वाढला, आणि आसारामनं तेच सगळं पुन्हा एकदा सांगितलं. ते ऐकायला कडूबाईला माझी गरज पडली नाही.

"मला आयकू आलं," ती मॅडमना म्हणाली.

मॅडमनी पलीकडची माती उकरायला लावली. कडबा निघाला, त्याखाली खड्डा, आणि तळाशी जुन्या माणसांनी खुणेसाठी पुरलेला कोळसा. मोजणी तिथूनच झाली. बोअर कडूबाईच्या हद्दीत बसला, आणि आजवर कोरून घेतलेली बांधाची पट्टीही तिला परत मिळाली ती वेगळीच.

बिभीषणनं आम्हाला कानांतून उपटून ढेकळांत फेकलं, डबीही फेकली, आणि ट्रॅक्टर मागं घेतला. उजवा चाकाखाली गेला. आम्ही एका डबीत वाढलो होतो. तो चुरा मी पाहिला आहे, आणि म्हणूनच सुरुवातीला तुम्हाला सांगितलं की माफीची अपेक्षा ठेवू नका. कडूबाईनं रान चाळून मला आणि डबीला शोधलं, पदरानं पुसलं, डावा कान माझ्या स्वाधीन केला.

मित्रांनो, शेवटी दोन शब्द उपदेशाचे सांगायची रीत आहे. आम्हाला कोरड्या फडक्यानं पुसा. चुन्या-तंबाखूपासून लांब ठेवा. आणि ज्याचा कान त्याला राहू द्या, नाहीतर कुठल्या बांधावर आम्ही हात सोडू ते सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी बिभीषण कडूबाईच्या ओट्यावर आला. तिनं त्याच्याविरुद्ध दगड हलवल्याची तक्रार केली होती, ती मागं घ्यावी म्हणून. टोपी हातात होती, डोळ्यांत पाणी होतं. वहिनी, आपण एका घरची माणसं, असं त्यानं सुरू केलं. कडूबाईनं हात वर करून त्याला थांबवलं. मला कानातून काढलं, डबीत ठेवलं, आणि झाकणावर अंगठा ठेवून म्हणाली, "हां, आता बोला भावजी."

झाकण बसलं. तो किती वेळ बोलला ते मला ठाऊक नाही. मला बाहेर काढलं तेव्हा ओट्याखाली त्याच्या चपला नव्हत्या, आणि कडूबाई बोअरच्या पाण्याची बादली म्हशीपुढं ठेवत होती.