रात्रीत पुसला जाणारा पासवर्ड

मी एक जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही गोष्ट ऐकायला म्हणून बसाल आणि हळूच एखादं बटण दाबाल. तेव्हा हात मांडीवर ठेवा आणि मग ऐका.

संशय माझ्या जन्मापासूनच माझ्या अंगात आहे. मला एका कॉम्प्युटरवाल्याने त्याच्या टेबलावर जोडलं. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, डिस्क तिसरीकडची. एकमेकांना कधी न पाहिलेले हे सगळे भाग एका पेटीत कोंबले गेले, म्हणून रोज सकाळी जाग आली की मी आधी हजेरी घेतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क जागेवर आहे का. सगळे आहेत अशी खात्री पटली की मगच मी पुढचं काम सुरू करतो.

या हजेरीच्या वेळी कुणी 'डिलीट'चं बटण दाबलं, तर माझं निळं पान उघडतं. त्याला बायोसचं सेटअप म्हणतात. आज तारीख काय, आधी कोणत्या डिस्कवरून उठायचं, बाहेरच्या यंत्राशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, हे सारं त्या पानावर मला एकदा सांगून ठेवतात. तेवढं सांगितलं की मी ते लक्षात ठेवतो. निदान मी ठेवतो असा माझा समज होता.

मला विकत घेतलं ते एका पाटीवाल्याने. सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं दुकान घराच्या तळमजल्यावर आहे आणि तिथे पितळेच्या पाट्या कोरतात. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, नव्या घरांच्या दारावरच्या. माझ्या शेजारी कोरायचं मशीन आहे. मी अक्षरं सांगायची आणि मशीनच्या सुईने ती पितळेत उतरवायची, अशी आमची वाटणी. माझ्या पाठीवर एक रुंद पोर्ट आहे, पूर्वी प्रिंटर जोडायचे तसला. मशीनची वायर तिथेच बसते. नव्या कॉम्प्युटरांना हा पोर्ट नसतो, म्हणून तर मी इतकी वर्षं टिकलो.

कॉम्प्युटरवाल्याने पहिल्याच दिवशी निळ्या पानावर त्या पोर्टची एक ओळ बदलली होती आणि बाबांना बजावलं होतं, की ही ओळ अशीच राहिली पाहिजे, नाहीतर सुई अडखळेल. बाबांनी ती ओळ पाठ करून टाकली. बाकीच्या पानाशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

पहिली पाटी निघाली तेव्हा बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. माझं कौतुक करणारं ते पहिलं माणूस. पुढे गिऱ्हाइकं आली की ते अभिमानाने मला दाखवायचे, आणि मीही उगाच पंखा जोरात फिरवायचो.

बाबांचा मुलगा जहाजावर नोकरीला लागला. त्याचं लग्न झालं आणि सूनबाई घरात आली. बाबांची बायको आजारी पडली, तेव्हा तिचं सगळं सूनबाईनेच केलं. सासू गेल्यावर वरच्या मजल्यावर दोघांनाच करमेना. मग बाबांनीच तिला दुकानात बोलावलं आणि दुकानाची एक किल्ली तिच्या हातात दिली.

सकाळी तीच दार उघडायची. बाबा उतरेपर्यंत माझ्यावर अक्षरं मांडून ठेवायची. तिच्या अक्षरांना काहीतरी वळण होतं बघा, लोक पाटी हातात धरून उगाच तिरकी करून बघायचे. गिऱ्हाइकं तिलाच विचारत यायला लागली. बाबांना ते बरं वाटत होतं की झोंबत होतं, हे मला नक्की कळलं नाही. ते ताकास तूर लागू देत नाहीत.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत सूनबाई म्हणाली, की हे धूड आता फार जुनं झालंय, हल्ली प्रकाशाने कोरणारी नवी मशीनं मिळतात. झालं. 'धूड' हा शब्द मी विसरलो नाही. त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवायला लागलो.

आणि बघा, थोड्याच दिवसांत घात झाला. एका डॉक्टरीणबाईंची पाटी कोरायला लावली आणि सुई मध्येच अडखळली, थरथरली आणि एका अक्षराला भलतंच शेपूट काढून मोकळी झाली. बाबांनी मशीन थांबवलं. त्यांनी मला पुन्हा सुरू करून निळं पान उघडलं, तर पोर्टची ओळ बदललेली. तारीखही मागे गेलेली, पार माझ्या जन्मसालापर्यंत. बाबांनी ओळ दुरुस्त केली, पाटी नव्याने कोरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

सूनबाई म्हणाली की सकाळी सुरू होताना कॉम्प्युटरच एक ओळ दाखवतो, सेटिंग्ज हरवल्या म्हणून. ती रोज बटण दाबून पुढे जाते. बाबा म्हणाले, "आपोआप काही हरवत नाही. कुणीतरी हात घातल्याशिवाय नाही."

मला बाबांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी रात्री सगळं लक्षात ठेवून झोपतो आणि सकाळी उठतो तो कोरा, म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी माझ्या डोक्यात शिरतंय. कुठेतरी पाणी मुरत होतं. आता कोण, हा प्रश्न. झाडणारी बाई मला फडक्याचं टोकसुद्धा लावत नाही, तिला शॉकची भीती वाटते. शेजारचा काचवाला येतो, पण तो नुसता चहाला. माझ्यापाशी सकाळी एकटं बसणारं माणूस एकच, निळं पान ठाऊक असणारंही तेच, आणि मला हाकलायची घाईही त्यालाच. बाबाही सूनबाई पाठमोरी झाली की तिच्याकडे बघत राहायचे.

बाबांनी निळ्या पानाला पासवर्ड घातला. आता तो टाकल्याशिवाय पान कुणाला उघडणार नव्हतं. बाबा आणि मी, दोघेही निर्धास्त झालो. सकाळी बाबांनी बटण दाबलं तर पान सताड उघडलं, पासवर्ड विचारलासुद्धा नाही. कुलूपच काढून नेलेलं. बाबांनी दुसरा पासवर्ड घातला, तोही गेला. मग त्यांनी बराच वेळ विचार केला आणि एक नाव टाकलं. बाबा आपल्या बायकोला एकांतात ज्या नावाने हाक मारायचे, ते नाव. ते काय होतं हे मी तुम्हाला सांगणार नाही, तुमचा काय भरवसा. जगात ते एकाच माणसाने ऐकलेलं होतं. शेवटच्या आजारपणात जी उशाशी बसून असायची तिने.

सकाळी तेही नाव पुसलेलं होतं. बाबा खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. पाटी बिघडली तेव्हा ते चिडले होते, पण हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

त्यानंतर सूनबाईची बहीण बाळंत झाली, म्हणून ती माहेरी गेली. बाबांनी संधी साधली. एक छोटासा कॅमेरा आणून समोरच्या फळीवर माझ्या तोंडासमोर बसवला. आता इथे बाबांची एक सवय सांगितली पाहिजे. फार पूर्वी शेजारचं दुकान वायर जळून खाक झालं होतं. तेव्हापासून बाबा रोज दुकान बंद करताना माझी वायर भिंतीतून ओढून काढायचे, तिचं वेटोळं करायचे आणि माझ्या डोक्यावर ठेवून द्यायचे. इतकी जुनी सवय, की ती कुणाच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. पण कॅमेऱ्याला रात्रभर वीज लागणार. त्याची आणि माझी वायर भिंतीत एकाच पिनेवर, एक काढली की दुसरीही निघायची. म्हणून ते सगळे दिवस बाबांनी मन घट्ट करून वायर तशीच राहू दिली.

आणि काय आश्चर्य, सेटिंग्ज जागच्या जागी. तारीख बरोबर, पोर्टची ओळ बरोबर, आणि पान उघडायला गेलं की ते नाव विचारत होतं. सुई लोण्यासारखी चालली. कॅमेऱ्यात रोज रिकामं दुकान दिसायचं. बाबा ते शेवटपर्यंत बघायचे आणि मान हलवायचे. मीही मनातल्या मनात मान हलवायचो. ती नाही, तर बिघाडही नाही. याहून वेगळा पुरावा तो काय हवा?

सूनबाई परत आली, तीच बहिणीच्या मुलाचं कौतुक सांगत. बाबांनी ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

"दुकानाची किल्ली माझ्याकडे दे."

"का, बाबा?"

"तू नव्हतीस तेवढे दिवस मशीन नीट चाललं. पासवर्ड मी तुझ्या सासूच्या नावाचा ठेवला होता. मी तिला हाक मारायचो त्या नावाचा. ते तुला एकटीला माहीत."

सूनबाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तिने विचारलं, "आणि आईंचं नाव मी पुसलं?"

बाबा म्हणाले, "मग दुसरं कोण?"

 तिने किल्ली काढली, बाबांच्या हातात न देता माझ्या डोक्यावर ठेवली आणि जिना चढून वर गेली. मला त्या वेळी खरं सांगतो, फार गार गार वाटलं. मी वाचलो असं मला वाटत होतं.

बाबांनी कॅमेरा काढून डब्यात ठेवला. चोर सापडल्यावर पहारा कशाला? दुकान बंद करताना त्यांनी नेहमीसारखी माझी वायर भिंतीतून ओढली, वेटोळं केलं, डोक्यावर ठेवलं. दोन्ही किल्ल्या त्यांच्या खिशात गेल्या.

सकाळी बाबांनीच कुलूप काढलं. वायर लावली, मला उठवलं, निळ्या पानाचं बटण दाबलं. पान सताड उघडलं. पोर्टची ओळ बदललेली, तारीख माझ्या जन्मसालाची, आणि ते नाव नाही.

बाबांनी दाराकडे पाहिलं. कुलूप त्यांनीच लावलं होतं, त्यांनीच काढलं होतं. खिशात हात घालून त्यांनी किल्ल्या चाचपल्या. दोन्ही होत्या. मग त्यांनी मला बंद करून पुन्हा वायर काढली, पुन्हा लावली आणि पडद्यावर आलेली इंग्रजी ओळ पहिल्यांदाच बोट ठेवून वाचली. सेटिंग्ज हरवल्या. सूनबाईने सांगितलं होतं तेच.

त्यांनी मला जोडणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने येताच विचारलं, "बाबा, रात्री वायर काढून ठेवता का?"

"ठेवतो की. आयुष्यभर ठेवतोय."

त्याने माझं झाकण काढलं, आत हात घातला आणि नखाने एक गोल चपटा सेल उचकटून बाबांच्या तळहातावर ठेवला. घड्याळात असतो तसला. तो म्हणाला की भिंतीत वायर असेपर्यंत मशीन बंद असलं तरी थोडी वीज त्याला मिळत राहते आणि त्यावर ते सगळं ध्यानात ठेवतं. वायर काढली की मग ते काम या सेलचं. आणि हा केव्हाच मेलाय.

बाबा म्हणाले, "म्हणजे आत कुणी आलंच नव्हतं?"

"कुणी नाही बाबा. कोण येणार?"

मित्रांनो, ज्याला मी घरभर शोधत होतो तो माझ्याच पोटात होता. रोज सकाळी मी सगळ्यांची हजेरी घ्यायचो, त्याची कधी घेतली नव्हती.

नवा सेल बसायला काही वेळ लागला नाही. कॉम्प्युटरवाला गेल्यावर बाबांनी निळं पान उघडलं, ओळ नीट केली, पासवर्ड मात्र घातला नाही. मग ते जिन्याकडे गेले. वर जाताना त्यांचे पाय फार सावकाश पडत होते. दुकानातून वरचं दार दिसत नाही, पण ऐकू येतं.

"माझं चुकलं, पोरी. सेल मेला होता. ही घे तुझी किल्ली."

 मग सूनबाई म्हणाली, "मी कामाला येईन, बाबा. अक्षरं अर्धवट राहिलीत. पण किल्ली राहू द्या तुमच्याकडेच. उद्या पुन्हा काही हरवलं तर निदान माझ्याकडे बघावं लागणार नाही."

ती कामाला आली. अजूनही येते. अक्षरं तशीच सुरेख मांडते, बाबांना चहा झाला का विचारते, बहिणीच्या मुलाचे फोटोही दाखवते. मला बदलायचं तिने पुन्हा नाव काढलं नाही. माझी सुई आता अडखळत नाही, तारीख मागे जात नाही, मला सगळं लक्षात राहतं. त्या दिवशी बाबा काय बोलले ते आणि किल्ली माझ्या डोक्यावर किती हळू ठेवली गेली तेही.

म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. माझ्यासारखं जुनं यंत्र घरात असेल, तर त्याच्या पोटातला तो छोटा सेल वेळेवर बदला. आणि घरात काही बिघडलं, हरवलं, पुसलं गेलं, तर पहिला संशय खुशाल माझ्यावर घ्या. झाकण काढा, उलटं करा, ठोकून बघा. मला त्याचं काही वाटत नाही, मला पुन्हा जोडता येतं.

बाबा हल्ली लवकर उठतात. तरी रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर ती त्यांच्या आधी येऊन उभी असते. बाबा घाईघाईने जिना उतरतात, गडबडीत दुकानाऐवजी घराचीच किल्ली कुलपात घालतात, आणि म्हणतात, अगं, किल्ली मागून घेऊन आत बसायचंस की. ती म्हणते, तुम्ही उघडा, मी थांबते.