सूर्यासाठी बडवलेली राजकन्या

मित्रांनो, मी जावा बेटावरच्या एका खेड्यातले जुने उखळ आहे. फणसाच्या एका खोडातून कोरलेले, होडीसारखे लांब. पण मी जन्माने राजकन्या. काकाने गादीसाठी माझ्या वडिलांना विष दिले आणि ते मी भर दरबारात बोलून दाखवले. त्याच्या मांत्रिकाने माझे उखळ केले. तो म्हणाला, "ग्रहणात तुझ्या रिकाम्या पोटात कुणी सूर्य सुटेपर्यंत हात ठेवला, तरच सुटशील." सगळे हसले. उखळ म्हणजे सूर्य गिळणाऱ्या राक्षसाचे तुटलेले धड, ते बडवले की डोक्याला कळ लागते आणि तो सूर्य सोडतो, असे आमच्याकडे मानतात. ग्रहणात रिकाम्या उखळावर मुसळेच पडतात.

पिढ्यान्‌पिढ्या मी भात कांडून दिला. माझ्या तांदळात तूस राहत नाही, असे लोक कौतुकाने सांगत. मग माझी मालकीण कार्सिनेम हिच्या घरात न्गातिनी सून म्हणून आली. कांडून थकली की ती माझ्यावरच डोके टेकायची. माझा आवाज लाकडाला कान लावणाऱ्यालाच ऐकू येतो. मी तिला सारे सांगितले.

"एवढंच ना? ठेवते की हात," ती म्हणाली.

ग्रहण लागले. झाडाखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले. बायका मुसळे घेऊन धावल्या, तर न्गातिनीचा तळवा माझ्या खळग्यात.

"बघा गं, आमच्या सूनबाईंना राक्षसाची कणव आली," कार्सिनेम म्हणाली. बायका हसल्या. मग अंधारले, कोंबड्या खुराड्यात शिरल्या आणि हसू थांबले.

"हात काढ."

"आत बाई आहे, आई."

"असू दे. काढतेस, की हातासकट कांडू?"

तिने काढला नाही. कार्सिनेमने मुसळ उचलले आणि घातले. बोटे चेचली तरी तळवा तिथेच होता. सूर्याची कड उजळायच्या बेतात होती, तेवढ्यात बायकांनी तिला ओढून बाजूला फेकले.

सूर्य सुटला. कार्सिनेमचा घाव कसा नेमका बसला, याचे गावभर कौतुक झाले. न्गातिनीला मुसळ धरवेना, म्हणून तिला माहेरी धाडले. दुसरी सून आली. ती कान लावत नाही.

मित्रांनो, कशावरही घाव घालण्याआधी एकदा कान लावून पाहा. न्गातिनीचे रक्त मुरलेल्या खळग्यातला तांदूळ किंचित तांबूस निघतो. सणावाराला कार्सिनेम तोच मुद्दाम बाजूला काढते, आणि पाहुणे आणखी मागून घेतात.