न दिसलेल्या पेशी

मित्रांनो, मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा पाय ओतीव लोखंडाचा, नळी पितळेची आणि स्वभाव हट्टी: प्रकाश मिळाला तरच दाखवीन, एरवी नाही. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी मला डोळा लावला, माझी वाहवा केली. पुढे विजेच्या दिव्याची नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो.

तिथून मला बाहेर काढले विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षाने. विद्यापीठाजवळच्या वस्तीतली मुले शाळा अर्धवट सोडून कामाला लागतात, त्यांना पुन्हा शिकते करायचे, हा त्याचा ध्यास होता आणि तो खोटा नव्हता. त्याचा विषय मात्र अर्थशास्त्र. मला कसे हाताळावे हे त्याने कोणालाही विचारले नाही.

वस्तीच्या सभागृहात त्याने मला खिडकीपाशी मांडले. वाटेतल्या हिसक्यांनी माझ्या भिंगांची फिरती चकती दोन खाचांच्या मधोमध अडकली होती. अशा वेळी माझ्यातून निव्वळ अंधार दिसतो. अध्यक्षाने कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला आणि स्वतः न पाहताच तो मुलांकडे वळला.

"या एकेक जण! विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतील. दिसतायत ना?"

"हो दादा! एकदम भिंत!" पहिला म्हणाला.

दुसऱ्याने विटा मोजूनही दाखवल्या. तिसऱ्याला त्या हलताना दिसल्या. मित्रांनो, निर्जीव असण्याचा असा त्रास मला पूर्वी कधी झाला नव्हता.

मग मुंगी आली. खोक्यांच्या कारखान्यात तिचे हात झरझर चालत, म्हणून हे नाव. मावशीने तिला दारातच बजावले होते, "बघून घे. जीव रमला तर सोमवारपासून शाळा, घरचं मी निभावते. नाही रमला तर मुकाट मशीनवर बसायचं, मग माझं डोकं खायचं नाही."

मुंगीने एक डोळा लावला, मग दुसरा. "दादा, काहीच दिसत नाही. सगळा काळोख."

"नीट बघ."

"नीटच बघतेय."

अध्यक्ष हसला. "बघा, शाळा सोडली की डोळ्यांना असा गंज चढतो!"

सभागृह खदखदले. "मुंगीला चष्मा द्या रे!" कोणीतरी ओरडले. मुंगीने चपला पायात सरकवल्या आणि ती निघून गेली.

सगळे पांगल्यावर, काचपट्टी काढता काढता अध्यक्षाने सहज डोळा लावला. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. भावनांविषयी मी अनुमान काढत नाही. पण नेत्रिकेला टेकलेले त्याचे कपाळ तापले होते, हे निरीक्षण आहे.

दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून तो कारखान्यात गेला. मुंगीच्या शेजारीच काम करणारी मावशी म्हणाली, "ती शाळेला नको म्हणतेय. म्हणे, गंजलेल्या डोळ्यांचं तिथेही हसंच होईल."

अध्यक्षाची मान खाली गेली. "डोळे चांगले आहेत तिचे. नळीत खरंच काळोख होता. मीच बघितलं नव्हतं."

मुंगीने खोक्यावरची नजर उचलली नाही. "हे मला कशाला सांगताय? मला ठाऊकच होतं. हसले ते इथे नाहीत."

म्हणून रविवारी त्याने सर्वांना पुन्हा बोलावले. भाषण केले नाही. "परवा आत अंधार होता. मी न बघता तुम्हाला बघायला लावलं आणि जिने खरं सांगितलं तिलाच हसलो. मला लाज वाटते," एवढेच म्हणाला. विटा मोजणारा मुलगा आपल्या पायाचे अंगठे न्याहाळू लागला.

प्रयोगशाळेत शिकून आल्याप्रमाणे अध्यक्षाने पापुद्र्यावर रंगाचा थेंब टाकला, चकती खाचेत बसवली आणि या वेळी आधी स्वतः पाहिले. दाराशी मावशीसोबत उभी असलेली मुंगी पुढे आली.

"आता दिसतायत," ती म्हणाली. "पण प्रत्येकीत एक ठिपका आहे. तो कसला?"

"मला माहीत नाही," अध्यक्ष म्हणाला.

"मग कुणाला माहीत असतं?"

"शाळेत विज्ञानाच्या बाईंना."

"मग उद्या त्यांनाच विचार," मागून मावशी म्हणाली. "उद्या सोमवार आहे."

मित्रांनो, मला कोरड्या, मऊ कापडाने पुसत जा, हे मागणे तर आहेच. पण माझ्यात काळोख दिसला, तर काळोख दिसतो असेच सांगा. आणि तसे सांगणाऱ्याला हसण्यापूर्वी एकदा स्वतः डोळा लावा.