एका बोटाचा राग

मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुधा डोळे पुसत बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला एक जुना फ्रिज आहे आणि मला राग आलेला आहे. माझ्या पोटातून गुरगुर ऐकू येते, तिला घरातले लोक मोटार म्हणतात. म्हणोत बापडे!

कारखान्यात माझ्या पत्र्याला आकार आला, पाठीवर नळ्या बसल्या, पोटात दिवा लागला. देवाने आणि कारागिराने मला एकच काम नेमून दिले : सोपवतील ते जप. या घरी आलो तेव्हा माझे काय कौतुक! जो तो उगाच दार उघडून गार वाऱ्यापुढे उभा राहायचा. पुढे दाराचे रबर सैल झाले, रंग उडाला आणि माझ्या डोक्यावर जुनी वर्तमानपत्रे, मोडकी छत्री नि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या येऊन बसल्या. त्याचा मला राग नाही. म्हातारपण कुणाला चुकले आहे?

राग वेगळाच आहे. ऐका.

या घरातली मुलगी अकरा वर्षांची, पण दिसायला सातेक वर्षांची. वर्गातली पोरे तिला मुंगी म्हणत. हळूहळू घरातही तेच नाव रुळले आणि ती हसून ओ देऊ लागली. तपासण्या झाल्या तेव्हा कळले, की शरीराला ‘वाढ’ म्हणून सांगणारे हार्मोन तिच्या अंगात पुरेसे तयारच होत नाही. ते बाहेरून द्यायचे, रोज झोपण्यापूर्वी, पेनासारख्या इंजेक्शनमधून. आणि ती पेने, मित्रांनो, माझ्या स्वाधीन झाली! आईने माझा मधला कप्पा पुसून लख्ख केला, त्यात एक डबा ठेवला, शेजारी छोटा थर्मामीटर ठेवला. हॉस्पिटलातल्या सिस्टरने शिकवलेले ती भजनासारखे घोकायची, “दोन ते आठ अंश. दारात नाही, मागच्या भिंतीला टेकवून नाही, फ्रीजरमध्ये तर मुळीच नाही. गोठलं की ते औषध गेलं, पुन्हा वापरायचं नाही.”

मुंगी स्वतः टोचून घ्यायला शिकली. दर वेळी नवी सुई. आज डावी मांडी, उद्या उजवी, मग पोट. बटण दाबून मनात दहा मोजायचे, मगच सुई बाहेर. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत. एकदाही रडली नाही पोर. महिन्या-दोन महिन्यांनी बाबा तिला माझ्या अंगाला टेकवून उभी करायचे आणि डोक्याशी मार्करने रेघ ओढायचे. रेघा चढत होत्या. माझा फ्रीजर वरच्या बाजूला आहे. ती म्हणायची, “त्या मुठीला हात पोचला ना, की आइस्क्रीम मीच काढणार. कुणी मध्ये यायचं नाही.”

मग मावशीचे ऑपरेशन निघाले आणि आई आठवडाभर तिकडे गेली. घर थोरल्या काकांच्या ताब्यात आले. काकांचा पुतणीवर जीव. पण कुणाला काही विचारायचे म्हणजे त्यांना जीव जायची पाळी! नुकताच तीन महिन्यांचा साठा आला होता. बाबा कामावर, मुंगी शाळेत. काकांनी माझे दार उघडले.

“एवढं महागाचं औषध, आणि नुसतं गारव्याला?” ते स्वतःशीच म्हणाले. “अहो, मासे फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतात, मग हे का नाही टिकणार?”

वापरातले एक पेन त्यांनी खाली ठेवले. बाकीची सगळी पिशवीत घालून वर बर्फात कोंबली. रिकामा डबा जागेवर तसाच. मी थरथरलो, खडखडलो, होता नव्हता तेवढा आवाज केला. काकांनी माझ्या पाठीत थाप घातली. “म्हातारा झालाय. काढून टाकायला हवा.”

आई यायच्या आदल्या दिवशी त्यांचे मित्र आले, बर्फाच्या ट्रेना जागा हवी झाली, म्हणून पेने पुन्हा डब्यात आली. तिथे ती वितळली. दिसायला पाण्यासारखी स्वच्छ, पण आतून कामातून गेलेली. आणि मुंगी तेच रोज टोचून घेत राहिली. मोजत राहिली दहा.

पुढच्या रेघा आधीच्या रेघेवरच बसल्या. हॉस्पिटलातून परतल्यावर बाबांनी फाइल टेबलावर आपटली.

“डोस दुप्पट करा म्हटलं, तर डॉक्टर नाही म्हणतात. म्हणे जास्त दिल्यानं अपाय होतो, आधी घरी कुठं काय चुकतंय ते बघा. चुकतंय ते समोरच बसलंय! खरं सांग, अर्धं औषध बाहेर सांडतेस ना?”

“नाही बाबा. मी दहा मोजते.”

“तू बघतेस ना गं हिच्याकडे?” त्यांनी आईला विचारले.

आई चाचरली. “मी इथंच असते... पण गॅसकडे तोंड असतं माझं.”

मुंगीने आईकडे पाहिले. ती नजर अजून माझ्या पत्र्यात रुतून बसली आहे. मला जीभ असती तर!

तेवढ्यात काका मोठ्या ऐटीत म्हणाले, “पोरीला कशाला बोलता? औषधाची तर मी स्वतः काळजी घेतली. तू मावशीकडे होतीस तेव्हा आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं होतं सगळं. दगड झाला होता दगड!”

मी मोठ्याने गुरगुरलो.

थोरल्या दिरासमोर कधी मान वर न करणारी आई त्या दिवशी उभी राहिली. “भाऊजी, एक फोन करून विचारलं असतंत, तर जीभ झिजली असती का?”

“मला वाटलं, जास्त गार म्हणजे जास्त...”

“तुम्हाला वाटलं! आणि तुमच्या वाटण्यापायी तीन महिने पोर फुकट टोचून घेत बसली. वर चोरही तीच ठरली!”

बाबांना मुंगीकडे बघवेना. ती एवढेच म्हणाली, “बाबा, मी रोज दहा मोजत होते.”

खराब पेने हॉस्पिटलात परत गेली, नवी आली. रेघा पुन्हा चढू लागल्या. पण मित्रांनो, डॉक्टर सांगतात, की वाढत्या हाडांच्या टोकांशी जणू दारे असतात. माझे दार दिवसातून शंभरदा उघडते आणि मिटते. ती एकदाच मिटतात, आणि मग उंची वाढत नाही. म्हणून सांगतो, ओरडूनच सांगतो : औषध सांगतील तिथे ठेवा, सांगतील तेवढेच घ्या, आणि कळत नसेल तर विचारा! देवाने जीभ मला दिली नाही, तुम्हाला दिली आहे. ती पोरीला दटावण्याआधी विचारण्यासाठी वापरा.

काल मुंगीने टाचा उंचावून फ्रीजरच्या मुठीकडे हात नेला. एक बोट कमी पडले. एकच बोट. ते कुठे गेले, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. काका धडपडत उठले. “थांब, मी काढून देतो गं.”

“नको काका,” ती शांतपणे म्हणाली. “पोचेल माझा हात. मी थांबते.”

ती थांबायला तयार आहे. मी नाही. मी अजून गुरगुरतो आहे.