डॅशबोर्डमागचा मासा

…आणि स्क्रूच्या डोक्यावरची फुलीची खाच आता फुली राहिलीच नव्हती. चारही कोन झिजून तिथे मिरीच्या दाण्याएवढा चकचकीत, वाटोळा खड्डा उरला होता, आणि त्यात पेचकस टेकवला की तो क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबत असे आणि मग कर्र करून घसरत असे. इन-सुकने मनगट झटकले. डॅशबोर्डमधल्या कप्प्याखालची काळी प्लॅस्टिकची पट्टी, तिला तीन स्क्रू. दोन निघाले होते. तिसरा साङ-गुदादाने सकाळी एक माप लहान पेचकस घेऊन, वरून दाब न देता, गरागरा फिरवून नासवला होता — आणि नासवलेली वस्तू धाकट्या बहिणीच्या स्वाधीन करून तो शेजारच्या गाडीला टेकून डब्यातली कॉफी पीत होता. या घराच्या श्रमविभागणीत निदान सुसंगती होती.

मागच्या सीटवर आई बसली होती. पट्टा लावून.

"मासा हातात आल्याशिवाय मी उतरायची नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं आपल्या पीडा त्याने अंगावर घेतल्या. गाडीबरोबर तसाच विकलात तर त्या कुणा परक्याच्या गळ्यात पडतील."

"गाडी जहाजाने परदेशी जाणार, आई," दादा म्हणाला. "मासा समुद्र बघून खूश होईल."

"सुका आहे तो. त्याला समुद्राचं काय."

दुपारी व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता, आणि गाडी गेली की दादा आईला वृद्धाश्रमात सोडणार होता. पिशव्या वर दारात भरून ठेवलेल्या होत्या. आईने वाद घातला नव्हता, रडली नव्हती. एकच अट घातली होती — बाबांच्या गाडीतला मासा आधी काढा, मग मी येते.

इन-सुकने खाचेवर रबरबँड ताणून धरला, त्यावरून पेचकस रोवला, खांद्याचा भार दिला… रबर तुटले, आणि बोटांची पेरे पट्टीच्या कडेवर सोलली. गाडी नवी होती तेव्हा याच आवारात, कोट-टाय घालून, बाबांनी चारही चाकांवर तांदळाची दारू ओतली होती, बॉनेटपुढे गुडघे टेकून नमस्कार घातला होता आणि पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेला सुका मासा कप्प्यात आणून ठेवला होता; पुढे कधीतरी तो कप्प्यामागे घसरून अडकला. मासा डोळे मिटत नाही म्हणून तो पहाऱ्याला.

"तुझ्या ग्रंथांत काय म्हटलंय याबद्दल?" त्यांनी विचारले होते.

"काहीच नाही. मोटारीइतकीच जुनी आहे ही प्रथा, बाबा."

"मग मोटारीला शोभेल."

ग्रंथ! पितृकर्मांवर तिने दोन लिहिले होते, दुसऱ्याला तर पुरस्कारही होता — आणि बाबांच्या वर्षश्राद्धाला ती स्वयंपाकघरात तव्यावर धिरडी उलटत उभी होती, कारण पाटापुढे मुलगे उभे राहतात, आणि आतून दादाचा आवाज आला होता, "इन-सुक, मासा पूर्वेला की पश्चिमेला गं?" …आणि मी सांगितले. हातात उलथणे, चष्म्यावर तेलाचे शिंतोडे, आणि मी शांतपणे, संदर्भासहित म्हणावे तसे, सांगितले — मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. त्याने ताटे फिरवली, वाकून नमस्कार केला, आणि नातलग म्हणाले, मुलाने सगळे कसे यथासांग केले.

"काय मग, प्रोफेसरबाई? हरलात वाटतं स्क्रूपुढे."

"हातोडी दे, दादा."

"प्लॅस्टिक फुटेल. भाव उतरेल गाडीचा."

"दे."

तिने मोठ्या मापाचा पेचकस खड्ड्यात उभा धरला आणि त्याच्या मुठीवर हातोडीचे ठोके घातले, मोजके, नेमके, जसे दुसऱ्याच्या प्रबंधातल्या चुकांवर ती घालत असे. धातूत धातू रुतला. मग तळहाताने दाबून, श्वास रोखून, तिने मूठ फिरवली — आणि तो हलला. केसाइतका, पण घसरणे वेगळे आणि हलणे वेगळे, हे मनगटाला कळते.

मागे खट्ट आवाज झाला. आईने पट्टा सोडला होता. "निघाला?"

आईचा हात दाराच्या कडीवर होता. सगळी तयार होती ती. एका होकारापुरती थांबलेली.

"नाही," इन-सुक म्हणाली.

आईने पट्टा पुन्हा लावला. दादाने घड्याळ पाहिले आणि पुटपुटला, "अजून किती वेळ?" आणि त्या प्रश्नासरशी तिला लख्ख दिसले की सकाळपासून ती आपली सगळी बुद्धी, सगळे बळ, सगळा संताप पणाला लावून आईला घराबाहेर काढण्याचे त्याचेच काम करत होती, त्याच्याहून चांगले. वृद्धाश्रमाला ती 'नाही' कधी म्हणालीच नव्हती. 'हो'सुद्धा तिला कोणी विचारले नव्हते, आणि न विचारल्याच्या अपमानात ती इतकी मग्न होती की…

पेचकस तिने काढला नाही. फिरवलाही नाही. सोललेली पेरे आता ठणकू लागली होती. संताप होता तसाच होता, थंड, घट्ट, शाबूत — फक्त मघापर्यंत तो कोणावर आहे हे तिला नक्की ठाऊक होते.